भिंत कोणासाठी?

ट्रॅफल्गरच्या लढाईचे साल १८०५, हे आपण परीक्षेत डोळे मिटून लिहितो. पण त्या आरमारातला साधा खलाशी आजारी पडला तर त्याला कोठे नेत, हा प्रश्न काही पेपरात येत नाही. वास्तविक तोच अधिक महत्त्वाचा. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश आरमारात १,८४,८९९ माणसे भरती झाली. त्यांपैकी लढाईत पडली अवघी १,५१२. रोगाने मेली किंवा बेपत्ता झाली ती १,३३,७०८! हे आकडे त्याच काळात छापून आलेले आहेत.

या रोग्यांसाठी पोर्ट्‌समथ बंदरासमोर, गॉस्पोर्ट गावी हॅस्लरचे आरमारी रुग्णालय उभे राहिले. १७४६ साली काम सुरू झाले, १७५३ मध्ये पहिले रुग्ण आले. आराखडा चौसोपी होता. चौथी बाजू कधी बांधलीच गेली नाही. पुस्तकांतून या इमारतीचे वर्णन सरकारच्या भूतदयेचे स्मारक म्हणून येते. मला ते पटत नाही. भूतदयेला उंच भिंत, खिडक्यांना गज आणि दारावर पहारेकरी कशाला हवेत? त्यांतले कित्येक खलाशी बंदरातून जबरदस्तीने पकडून आणलेले. बरा झालेला माणूस घरी न जाता जहाजावर परत गेला पाहिजे, यासाठी तो बंदोबस्त होता. तरीही माणसे गटारांतून निसटत. ‘बेपत्ता’ या शब्दात असे किती पळपुटे दडले असतील!

औषधोपचार, अंथरूण, पोटभर अन्न तेथे मिळे, हे मान्य केलेच पाहिजे. त्या काळच्या गरिबाला एवढे तरी कोठे मिळत होते? जेम्स लिंड हे १७५८ ते १७८३ पर्यंत तेथे मुख्य वैद्य होते. १७४७ साली जहाजावर बारा रोग्यांवर प्रयोग करून संत्री आणि लिंबे यांनी स्कर्व्ही बरा होतो, हे त्यांनी दाखविले होते. पण रस आटवून साठवावा, असे त्यांनीच सुचविले आणि आटविताना त्यातला गुणच गेला. लिंड १७९४ मध्ये वारले. आरमाराने सर्वांना लिंबाचा रस देण्याचे ठरविले ते १७९५ मध्ये. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत हिरड्या सुजून, दात गळून किती जण गेले, याचा जाब कोणी विचारला नाही. खलाशी स्वस्त होता, दुसरे काय!

रुग्णालय २००९ साली बंद झाले. ते वाचविण्यासाठी १९९९ मध्ये गावातले हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. आता त्या दालनांतून राहती घरे झाली आहेत. आवारातल्या मोकळ्या मैदानाखाली हजारो खलाशी पुरलेले आहेत. बहुतेकांच्या डोक्याशी दगडसुद्धा नाही. त्यांची नावे सापडलीच तर जहाजांच्या जुन्या हजेरीपटांतून सापडतील. ट्रॅफल्गरचे टिपण काढताना आमच्या प्राध्यापकांनी त्या हजेरीपटांचा एकदा तरी उल्लेख करावा, एवढीच माझी विनंती आहे.