गेट डाऊन, सुलतानपूर!

इंग्रजी भाषेत भ्यावे कशाला, असे कोणी विचारले तर मी लांबलचक शब्दांकडे मुळीच बोट दाखवणार नाही. लांब शब्द बिचारे प्रामाणिक असतात. कोश उघडला की त्यांचा अर्थ सापडतो, आणि एकदा सापडलेला अर्थ सहसा पळून जात नाही. भ्यावे ते 'गेट'सारख्या टीचभर शब्दाला. रोमन लिपीतली अवघी तीन अक्षरे! एकटा असला म्हणजे 'मिळणे', 'मिळवणे' एवढाच सरळ अर्थ सांगतो. पण तो एकटा सापडतो कधी? 'अप'ला हाताशी धरले की अंथरुणातून उठतो. 'ओव्हर'ची सोबत मिळाली की आजारातून किंवा दुःखातून सावरतो. 'बाय' जोडला की तुटपुंज्या पगारात कसेबसे भागवतो. आणि 'अवे' व 'विथ' या दोघांना बरोबर घेतले, तर चक्क लबाडी करून ती पचवतो!

या जोडशब्दांच्या याद्या बाजारात ढिगाने मिळतात. स्पर्धा-परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या उशाशी अशी एक यादी हमखास असते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये रेघ. पाढे म्हणावेत तशी ती म्हणायची. माझ्या ओळखीच्या घरातली एक मुलगी अशीच यादी तोंडपाठ करून परीक्षा उत्तीर्ण झाली आणि मोठ्या शहरातल्या एका कचेरीत नोकरीला लागली. पंधरा दिवसांनी वरिष्ठ साहेबांनी टेबलापाशी थांबून मायेनेच विचारले, "सो, हाऊ आर यू गेटिंग ऑन?" तिच्या यादीत 'गेट ऑन' म्हणजे 'वाहनात चढणे'. तिने उभे राहून अदबीने उत्तर दिले, "बाय बस, सर. सेव्हन ओक्लॉक." साहेबांना विचारायचे होते, 'कसे काय चालले आहे? जमते आहे ना?' शेजारच्या टेबलांवर जो हशा पिकला, त्यानंतर महिनाभर ती पोर कचेरीत इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. काम चोख, हिशेब बिनचूक, पण बैठकीत तोंडाला कुलूप. तिच्या आईने मला विचारले, "भाऊजी, एवढं पाठ करून गेली होती हो, मग चुकलं कुठं?"

वहिनी, चुकले ते यादीचे. शब्द काही एकेकटे उभे नसतात. समोर बस उभी असताना 'गेट ऑन' म्हणजे चढणे, नव्या नोकरीची चौकशी चालली असताना 'गेट ऑन' म्हणजे जमणे, आणि एखाद्या आजोबांविषयी 'ही इज गेटिंग ऑन' म्हटले तर वय होत चालले. तिन्ही अर्थांत पुढे सरकण्याची कल्पना आहे, हे ध्यानात आले तर यादीतल्या तीन ओळींची एकच ओळ होते.

आणि ही युक्ती केवळ साहेबाची आहे असेही नाही. शाळेत 'हार' शब्दाचा तक्ता आपण सर्वांनी गिरवला आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. धातू एकच, 'हृ'. मागे लागलेल्या उपसर्गाने कोणाला जेवू घातले, कोणाला फिरायला नेले, कोणाचा जीव घेतला! संस्कृतात हे लहान शब्द धातूच्या अगोदर येऊन त्याला चिकटतात. इंग्रजीत ते नंतर येतात आणि सुटे राहतात. गंमत अशी की वेदांच्या भाषेत उपसर्ग कधी धातूपासून दूर, तर कधी धातूनंतरही येत, आणि पाणिनीने त्याची नोंद करून ठेवली आहे. इंग्रजीतही जुन्या काळी असे कितीतरी लहान शब्द क्रियापदाच्या अगोदर चिकटत. खुद्द 'गेट' हा उत्तरेकडच्या नॉर्स दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आला; त्याच्या कुळातल्या 'फरगेट'मध्ये तो जुना उपसर्ग अजून पुढेच बसलेला दिसतो.

आता सुलतानपूरची हकीकत. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातले हे गाव. मेहकरहून जालन्याकडे निघालेल्या एस.टी.त मी खिडकीशी बसलो होतो. लोणारचे ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, उल्कापाताने पडलेले विवर पाहायला निघालेली एक गोरी बाई पुढच्या बाकावर होती. तिला सुलतानपूरला उतरून दुसरी गाडी धरायची होती. गाडी थांबताच कंडक्टर दारातून ओरडले, "मॅडम, लोणार? गेट डाऊन! गेट डाऊन, सुलतानपूर!" बाई हसली, 'थँक यू' म्हणाली आणि पाठीवरचे बोचके सावरीत उतरली. मागच्या बाकावर एक कॉलेजकुमार फिसकन हसला. "काका, 'गेट ऑफ' म्हणा ना!"

कंडक्टरांनी दोनदा घंटी मारली आणि मागे वळून म्हणाले, "काहून हासून राहिला बे? ते उतरली का नाही? मंग झालं!"

माझे मत कंडक्टरांच्या बाजूने पडले. इंग्लंडात बसमधून 'गेट ऑफ' होतात, हे खरे. पण 'गेट डाऊन' हा काही सुलतानपूरचा शोध नव्हे. घोड्यावरून, शिडीवरून, झाडावरून साहेबही 'गेट डाऊन'च करतो. आपल्याला खाली उतरण्याची क्रिया डोळ्यांपुढे दिसते, म्हणून आपण 'डाऊन' घेतला. साहेबाला गाडीपासून सुटे होणे दिसते, म्हणून त्याने 'ऑफ' घेतला. भारतभर लक्षावधी माणसे रोज 'गेट डाऊन' होतात आणि कोणी वाट चुकत नाही.

शिवाय त्या गृहस्थांच्या वऱ्हाडी वाक्यात जे व्याकरण होते, त्याकडे कॉलेजकुमाराचे लक्षच गेले नाही. 'हासून राहिला'! पुण्याकडे 'का हसतोस?' एवढ्यावर भागते. मग तो आत्ता हसतो आहे की त्याला हसण्याची खोडच आहे, ते संदर्भावरून ओळखायचे. वऱ्हाडी माणूस 'राहणे' जोडून दोन्ही गोष्टी वेगळ्या करतो, अगदी इंग्रजी माणसासारख्या. इंग्रजी जे काम क्रियापदामागे लहान शब्द लावून करते, ते मराठी पुष्कळदा दुसरे क्रियापद लावून करते. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक'. 'थ्रो अवे' म्हणजे 'टाकून दे'. त्या 'टाक'मध्ये आता टाकण्याची क्रिया उरलेली नाही, तशी 'अप'मध्ये वर जाण्याची उरलेली नाही. काम पुरते संपवण्याचा तेवढा ठसका उरला आहे.

त्या गोऱ्या बाईने उलट आपल्याला विचारले असते, की तुमच्या 'लागणे' या क्रियापदाचा अर्थ काय, तर? एका बसस्थानकातच पाहा. गाडी फलाटाला लागली. मला गाडी लागते, म्हणून खिडकी हवी. लोणारला जायला किती वेळ लागतो? तिकिटाला किती लागतील? हा तुमचा कोण लागतो? फोन लागत नाही. भूक लागली. दाराशी ठेच लागली. आता विभक्ती आणि शब्दयोगी लावून बघा: मागे लागणे, नादी लागणे, हाती लागणे, मार्गी लागणे, जिव्हारी लागणे, देशोधडीला लागणे. 'गेट'ने आमच्यासमोर नम्रपणे टोपी काढावी! १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापून पुऱ्या करणाऱ्या मोल्सवर्थसाहेबांना अशा क्रियापदांनी किती घाम फोडला असेल, याची कल्पना केली म्हणजे आपल्या मुलांची इंग्रजीतली धडपड थोडी सोसवते.

तरी घरच्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. वाहनांचा गोंधळ फार होतो. ज्यात उभे राहून दोन पावले चालता येते, ती बस, आगगाडी, जहाज, विमान, यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरावे लागते आणि बसूनच राहावे लागते, ती मोटार, टॅक्सी, रिक्षा, यांना 'गेट इन' आणि 'गेट आऊट'. जहाजाला 'ऑन', पण लहान होडीला 'इन', ते याच हिशेबाने. घोडा आणि सायकल यांवर आपण स्वार होतो, तेव्हा तिथे 'ऑन'च. दुसरी गोष्ट कानाची. 'गेट अप', 'सिट डाऊन' म्हणताना जोर पहिल्या शब्दावर नसतो, त्या लहानग्या दुसऱ्यावर असतो. आपण उलटे बोलतो, म्हणून ऐकणारा क्षणभर अडखळतो.

काही चुका मात्र खरोखर चुका आहेत, आणि त्या आपल्या विभक्तीच्या पोटातून निघतात. आपण कोणा'वर' रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन मी'. तिथे 'विथ' हवा. आपण कोणा'शी' लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ'. तिथे 'टू' हवा. कशा'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. तिथे काहीच नको. 'कोप अप विथ' यातला 'अप' तर कुठून उपटला कोण जाणे! अर्ज भरताना आपण 'फिल अप' म्हणतो, इंग्रज 'फिल इन' म्हणतो, अमेरिकन 'फिल आऊट' म्हणतो. अर्ज तिघांचाही भरला जातो, तेव्हा त्यावरून मुलांना रागावू नये. पण 'माझा मुलगा पास आऊट झाला' असे अमेरिकेतल्या व्याह्यांना इंग्रजीत कळवू नका. त्यांना तो बेशुद्ध पडला असे वाटेल आणि रात्री-अपरात्री फोन येईल.

त्या मुलीला मी यादी मिटवून ठेवायला सांगितले आणि रोज कचेरीत कानावर पडलेले एकच वाक्य, कोणी कोणाला कशासाठी म्हटले त्यासकट, वहीत उतरवायला सांगितले. वहीत पहिले वाक्य साहेबांचेच आहे. अलीकडे ती बैठकीत बोलते, अधूनमधून चुकते, आणि शेजारच्या टेबलावरची एक जण तिच्याकडून मराठी 'लागणे' शिकते आहे.

आमच्या घरी तर गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती 'लागणे'ची पैजच लागली. एकेकाने नवा अर्थ सांगायचा. अडला तो बाद. धाकट्या पुतणीने 'सुट्टी लागली' काढली, आजीने 'डोळा लागला' आणि 'दृष्ट लागली' अशा दोन लागोपाठ मारल्या. चाळिसाव्या फेरीला भांडण झाले, कारण 'चिवडा तिखट लागतो' आणि 'चिवड्याला मीठ कमी लागतं' हे दोन अर्थ धरायचे की एक, यावर घरात दोन तट पडले. चिवडा जिने केला होता ती म्हणाली, पहिला धरा, दुसरा धरू नका.