नव्या लोंबीचा आशीर्वाद

वसई-साष्टीकडील ख्रिस्ती समाज आगेराच्या सणास भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद मागतो. परंतु तेथील उपासना वेदीपाशीच थांबली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे पाणी व वाड्या राखण्यासाठी लोकांस उभे केले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनीही ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टिरक्षण हे श्रद्धेचेच अंग ठरविले.

धर्म निराळा, तरी शेतकऱ्याचे ऋण एकच. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधिला. त्या पाण्याचे धान देवास वाहावयाचे आणि पाट मात्र गाळाने बुजू द्यावयाचा, ही कसली भक्ती? आमच्या मते नवान्नाच्या दिवशीच प्रत्येकाने उन्हाळ्यात आपल्या वाटचा पाट उपसण्याचा संकल्प करावा. तोच खरा नैवेद्य होय.