गवताळ तळ्यावर बारीक दोर नेऊ नका

उन्हाळा आला की न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत आपली बरीच मराठी मंडळी मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर गळ टाकायला जातात. दुकानातून काठी, रीळ आणि दोर असा तयार संच आणलेला असतो. उघड्या पाण्यात, छोट्या ब्लूगिलसाठी तो पुरतो. पण जुलैत तळं कमळपानांनी, हायड्रिला या पाणगवतानं झाकलं की लार्जमाउथ बास त्या छपराखाली सावलीला जातो, आणि तिथे हा दोर टिकत नाही. तोंडात गळ आणि मागे लांब दोर घेऊन मासा निसटतो. तो दोर देठांत गुंतला, तर मासा जागीच अडकून मरतो. म्हणून कळकळीनं सांगतो, गवतात गळ टाकायचा तर दणकट सामान घ्या, नाहीतर उघड्या पाण्यातच बसा.

पैसे थोडे असतील तर आधी दोर बदला. संचातला नायलॉनचा दोर बहुधा 8-10 पौंडांचा असतो आणि ओढला की ताणतो. गवतात मासा लागताक्षणी त्याचं तोंड वर वळवावं लागतं. दोर ताणत राहिला तर तेवढ्यात बास देठांना वेढे घालून मोकळा होतो. इथे विणलेला, म्हणजे ब्रेडेड दोर हवा, 50 ते 65 पौंडांचा. आकड्यानं दचकू नका. 65 पौंडांचा ब्रेड जाडीला साधारण 16 पौंडांच्या नायलॉनइतकाच असतो, ताणत जवळजवळ नाही, आणि कोवळे देठ करवतीसारखे कापत येतो. एवढ्या वजनाचा बास नसतोच. जॉर्ज पेरीनं 1932 मध्ये जॉर्जियात धरलेला विक्रमी बासही 22 पौंड 4 औंसांचा होता. ताकद लागते ती माशाबरोबर येणाऱ्या गवताच्या भाऱ्यासाठी.

रिळावर आधी थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर ब्रेडचा अख्खा गुंडा जागच्या जागी घसरतो. आमिषाला पालोमार गाठ मारा, साधी गाठ या दोरावर सरकते. दाट गवतात दोर दिसण्याची भीती नसते, तेव्हा पुढे फ्लुरोकार्बनचा तुकडा जोडू नका. तो बुडतो आणि तरंगणाऱ्या रबरी बेडकाच्या आमिषाचं नाक खाली ओढतो.

काठी 7 ते साडेसात फुटांची, ‘हेवी’ लिहिलेली घ्या. रीळ बेटकास्टर उत्तम. त्याचा सराव नसेल तर 4000 आकाराचं भक्कम स्पिनिंग रीळही चालेल.

आमिषांचा डबा भरू नका. सुरुवातीला एक पोकळ रबरी बेडूक पुरे. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो पानांवरून न अडकता सरकतो. दुकानातच दोन बोटांनी दाबून पाहा: अंग सहज चेपून गळांची टोकं बाहेर आली पाहिजेत. अंग कडक असेल तर मासा तोंड मारेल, पण लागणार नाही. गावाकडे जलपर्णीत मरळ धरलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल; तीही अशीच खालून बेडकावर झेपावते. पाणी फुटलं की हात आपोआप झटका देऊ पाहतो. तो आवरा. दोराला ओढ जाणवली की मगच काठी जोरात उचला आणि मासा थेट काठाकडे आणा, खेळवत बसू नका. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दाट गवतात पहाटे तर सर्वांत कमी. दमवलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

छप्पर फारच जाड असेल तर एक औंसाचं टंगस्टनचं वजन लावून रबरी किडा आरपार सोडतात. शिसं टाळा, ते पाणपक्ष्यांच्या पोटात गेलं तर विषबाधा होते, आणि काही राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंदीही आहे.

गळ अडकला तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोटं कापतात. जाड फांदीला वेढे द्या आणि मग ओढा. तुटलेला दोर घरी आणून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. आणि दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी बुटांना, काठीला लागलेलं गवत तिथेच झाडून टाका, कारण हायड्रिला एवढ्याशा तुकड्यातूनही नव्यानं रुजतो.