थंडीपेक्षा घातक बसून राहणे

जानेवारीतली सकाळ. इंग्लंडच्या मध्य भागातल्या एखाद्या कालव्याच्या काठाने वीस-पंचवीस माणसे ठरावीक अंतर सोडून बसलेली असतात. रात्रीतून पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. दोरीला बांधलेले वजन फेकून तो फोडायचा, मोकळ्या झालेल्या पाण्यात गळ सोडायचा आणि बसायचे. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत साधारण पाच तास. ही पोटासाठीची मासेमारी नव्हे, ही स्पर्धा आहे. पकडलेले मासे पाण्यात सोडलेल्या जाळीत जिवंत ठेवतात, शेवटी त्यांचे वजन करतात आणि पुन्हा कालव्यात सोडून देतात.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि माल वाहून नेण्यासाठी खोदलेले हे कालवे आज बहुतांशी विरंगुळ्यासाठी वापरले जातात. तिथल्या गळस्पर्धेत कोणी कुठे बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. हिवाळ्यात पाणी गार पडले की माशांच्या शरीराचे व्यवहार मंदावतात. ते एका ठिकाणी गोळा होऊन राहतात, आमिषामागे धावत नाहीत. त्यामुळे काहीशे ग्रॅमच्या फरकावर निकाल लागू शकतो. दोरा केसासारखा बारीक, गळ तांदळाच्या दाण्याएवढा आणि त्याला लावायची नाजूक अळी. हे काम जाड हातमोजे घालून होत नाही. म्हणजे ज्या बोटांना सर्वाधिक ऊब हवी, तीच पाच तास उघडी आणि वारंवार ओली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा बैठा, निरुपद्रवी खेळ वाटतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र त्यातला धोका त्याच्या बैठेपणातच आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता निर्माण करते. भरभर चालताना ती तीन-चार पट होते. त्यामुळे त्याच काठावरून कुत्र्याला फिरवणारा माणूस घामेजतो आणि स्पर्धक काकडतो. उष्णता टिकवण्यासाठी शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळून घेते आणि रक्त आत वळवते. आतले रक्त वाढल्यासारखे वाटून मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकतात, म्हणून थंडीत वारंवार लघवीला होते. परिणामी रक्त दाट होते, रक्तदाब चढतो आणि हृदयावरचा भार वाढतो.

यासाठी बर्फ पडावा लागतो असेही नाही. विल्यम कीटिंज आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना २४ अंश सेल्सियसच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवले होते. शरीराच्या आतले तापमान फारसे उतरले नाही, तरी रक्ताचा दाटपणा २१ टक्क्यांनी वाढला आणि वरचा रक्तदाब सरासरी १२६ वरून १३८ वर गेला. तरुण, निरोगी माणसाला हे पेलते. पण अशा काठांवर पन्नाशी-साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. कोणाला रक्तदाब, कोणाला मधुमेह, कोणाच्या हृदयात आधीच स्टेंट.

१९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘युरोविंटर’ अभ्यासाने याहून मोलाची गोष्ट दाखवली. तापमान १८ अंशांच्या खाली गेल्यावर प्रत्येक अंशामागे मृत्यू किती वाढतात, हे युरोपच्या वेगवेगळ्या भागांत मोजले गेले. दक्षिण फिनलंडमध्ये ही वाढ ०.२७ टक्के होती, तर ऊबदार अथेन्समध्ये २.१५ टक्के. कडाक्याच्या थंडीतली माणसे टोपी, हातमोजे, जाड कोट घालून आणि हालचाल करत बाहेर राहतात, घरही उबदार ठेवतात. जिथे कमी कपडे, बाहेर निश्चल उभे राहणे आणि कुडकुडणे जास्त, तिथे मृत्यूंची वाढही जास्त आढळली. थर्मामीटरचा आकडा हा अर्धाच प्रश्न. त्या थंडीत माणूस काय घालतो आणि काय करतो, हा उरलेला अर्धा.

मग स्पर्धक उठून दोन पावले का चालत नाही? कारण शेजारी तेवढ्यात एक मासा काढेल. शिवाय हिवाळी लीगमध्ये प्रत्येकाच्या क्रमांकाचे गुण संघाच्या खात्यात जातात. मधूनच उठून गेलेला माणूस स्वतःपुरता हरत नाही, सोबत्यांनाही घेऊन बुडतो. त्यामुळे हुडहुडी भरली तरी तो बसून राहतो.

इथेच खरी मेख आहे. ‘प्रौढ माणसे आहेत, सोसवेनासे झाले की उठतील’ हा युक्तिवाद थंडीच्या बाबतीत टिकत नाही. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली घसरू लागले की बोटे अडखळतात, बोलणे जड होते आणि त्याबरोबर विचारही मंदावतो. आपल्याला काही होत आहे हे त्याच माणसाला कळत नाही. पुढे कुडकुडणे थांबते, तेव्हा त्याला बरे वाटू लागल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ती अधिक गंभीर पायरी असते. ज्या मेंदूने उठायचे ठरवायचे, तोच गारठलेला असेल, तर निर्णय त्याच्यावर सोपवणे ही जबाबदारी झटकणे आहे. तो नियमांनी घ्यायला हवा.

खेळ बंद करा, असे याचे म्हणणे नाही. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या अनेकांसाठी आठवड्यातून एकदा काठावर भेटणारी ही मंडळी म्हणजे मोठा आधार असतो. एकटेपणाही आरोग्याला मारकच. पण पाणी गोठलेल्या दिवशी पाचाऐवजी तीन तासांची स्पर्धा घेता येते. मध्ये सर्वांना सक्तीची पंधरा मिनिटे देता येतात. गळ सगळ्यांचेच बाहेर, त्यामुळे कोणाचेच नुकसान नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलून पाहावे, उत्तर अडखळत आले तर पंचाला सांगावे, आणि प्रकृतीमुळे उठलेल्याचे तोवरचे वजन संघासाठी धरावे. एवढ्याने खेळाची रंगत जात नाही.

काठ निसरडा असतो, म्हणून आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. हे कालवे फार खोल नसतात, पण गोठणाऱ्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटातच श्वास अनावर होतो आणि पाणी छातीत जाऊ शकते. कॅनडाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेख्ट हे ‘१-१०-१’ असे सांगतात: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे असतात तोवरची दहा मिनिटे आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणून आधी धडपड नको. पाठीवर तरंगून श्वास सावरायचा, मग काठ गाठायचा. बाहेर काढलेल्याचे ओले कपडे उतरवून त्याला कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्धीत असेल तर गरम, गोड पेय द्यावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. हातपाय चोळू नयेत. दारू तर नकोच. तिने त्वचेतल्या वाहिन्या उघडतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते.

महाराष्ट्रात कालवे गोठत नाहीत. पण अथेन्सचा धडा ऊबदार प्रदेशाचाच आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो, तेव्हा शेतीला वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी ओल्या पायांनी कांद्याला, गव्हाला पाणी देत असतो. रखवालदार बंद गेटापाशी खुर्चीत रात्र काढतो. त्यांच्याही रक्तवाहिन्या तशाच आवळतात. कालव्यावरचा स्पर्धक हौसेने बसतो, हे दोघे नाइलाजाने. त्याला नियमांनी उठवायला हवे. यांच्यासाठी दिवसाची वीज, गमबूट, कानटोपी आणि दर तासाला चार पावले फिरण्याची मुभा हवी. थंडी कमी करणे कोणाच्याच हाती नाही. त्या थंडीत माणसाला बसवून ठेवायचे की नाही, हे मात्र माणसांनीच ठरवायचे असते.