आराखड्याबाहेरची माणसे

व्यवस्थापनाच्या आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांतून आज दोन विषयांचे मोठे माहात्म्य आहे. एक प्रकल्प-व्यवस्थापन आणि दुसरा, इंग्रजीत ज्याला सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात तो, म्हणजे कोणत्याही गोष्टीचा सुटा विचार न करता तिच्या सर्व परस्परसंबंधांसह समग्र विचार करण्याची शिस्त. अभियंता होऊ पाहणाऱ्या किंवा एमबीएची पदवी घेऊ पाहणाऱ्या तरुणाला यांपैकी पहिला विषय चुकत नाही आणि दुसऱ्याची दोन-चार वचने तोंडपाठ असल्यावाचून त्याला मुलाखतीत बरे दिसत नाही. आपल्या चळवळीतील साथी या सगळ्याकडे दोन तऱ्हांनी पाहतात. काहींच्या मते हे भांडवलदारांचे शास्त्र आहे, त्याच्याशी आपले देणेघेणे नाही. उरलेल्यांची मुले हेच शिकत असल्यामुळे ते या प्रश्नावर बोलत नाहीत! या दोन्ही भूमिका सोडल्या पाहिजेत असे माझे म्हणणे आहे. या विषयांच्या वर्गांतून उद्याची धरणे, बंदरे, महामार्ग आणि वीजकेंद्रे उभारणारी माणसे घडत असतात, आणि त्या वर्गात काय शिकवले जात नाही याची किंमत खेड्यापाड्यांतील माणसे आपल्या घरादारानिशी मोजत असतात.

आपल्या भाषेने या बाबतीतला निकाल केव्हाच देऊन ठेवला आहे. दुष्काळाने ज्याचा संसार मोडला तो दुष्काळग्रस्त, पुराने मोडला तो पूरग्रस्त, भूकंपाने मोडला तो भूकंपग्रस्त. आणि याच पंक्तीला, हेच ग्रस्तत्व कपाळी घेऊन बसलेला शब्द आहे प्रकल्पग्रस्त. सरकारने शासननिर्णयांतून तो मुकाट्याने स्वीकारला; जिल्हाधिकारी कचेरीतून त्याचे दाखले मिळतात. ज्या गोष्टीची गणना लोकभाषेने अस्मानी संकटांत केली, तीच गोष्ट वेळेत आणि अंदाजपत्रकात कशी पार पाडावी याचे शास्त्र आपण लाखो रुपये फी घेऊन शिकवतो. या दोन टोकांमध्ये किती अंतर आहे ते एकदा नीट मोजले पाहिजे.

या शास्त्राची हत्यारे मुळात साधी आहेत. हेन्री गँट हा टेलरचा सहकारी, १९१९ साली वारला. कोणते काम केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा संपावे हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा त्याचा तक्ता आजही प्रत्येक कंत्राटदाराच्या कचेरीत टांगलेला असतो. पुढे १९५७-५८च्या सुमारास अमेरिकेत दोन पद्धती निघाल्या. एक ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी, दुसरी अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. दोहोंचे सार असे की कामांची साखळी मांडायची, कोणते काम कोणत्या कामाआधी पुरे झालेच पाहिजे ते ठरवायचे, आणि ज्या सर्वांत लांब साखळीतील एका दिवसाच्या दिरंगाईने सगळा प्रकल्प एक दिवस मागे पडतो ती साखळी हेरायची. तिला ते क्रिटिकल पाथ म्हणतात. त्या वाटेवर नसलेल्या कामांना थोडी सवड असते. ती मागेपुढे झाली तरी चालते. (पोलारिसच्या यशाचे श्रेय या तक्त्यांना देण्याची प्रथा आहे. हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२ साली त्या प्रकल्पाचा इतिहास लिहून दाखवून दिले की तक्त्यांचा मोठा उपयोग काम पुढे सरकवण्यापेक्षा बाहेरच्यांची ढवळाढवळ थोपवण्यासाठी झाला. आपल्याकडील सादरीकरणे पाहिलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.)

आता हाच तक्ता धरणाला लावून पाहा. पायाखोदाई, भिंत, सांडवा, दारे, घळभरणी, कालवे. या सगळ्या कामांना तारखा असतात. पुनर्वसनालाही तक्त्यात कोठेतरी एक पट्टी असते, पण ती मुख्य वाटेवर कधीच नसते. त्या एका कामाला कायमची सवड असते. घळभरणी झाली की पाणी चढते, गाव उठतो आणि गावठाणाची जागा, पिण्याचे पाणी, लाभक्षेत्रातील जमीन ही सारी कामे 'प्रगतिपथावर' राहतात. कोयनेची वीज १९६०च्या दशकात मुंबईच्या कारखान्यांना मिळू लागली. त्याच कोयनेचे प्रकल्पग्रस्त आपल्या जमिनीच्या हक्कासाठी २०१८ साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. अर्ध्या शतकाहून लांब अशी सवड कोणत्या पाठ्यपुस्तकात बसते? प्रकल्प-व्यवस्थापनाच्या हिशेबात कोयना हा पूर्ण झालेला, यशस्वी प्रकल्प आहे.

आणि येथेच एका गोष्टीकडे साथींचे लक्ष वेधावयाचे आहे. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा बाबा आढावांसारख्या कार्यकर्त्यांनी आणि धरणग्रस्तांच्या परिषदांनी महाराष्ट्रात रुजवली. आपण तिला आजवर केवळ न्यायाची घोषणा समजत आलो. ती प्रकल्प-व्यवस्थापनाच्या काटेकोर परिभाषेतील एक विधान आहे. कोणते काम कोणत्या कामाआधी पुरे झाले पाहिजे, हेच ती सांगते. पुनर्वसन पुरे झाल्याखेरीज घळभरणी सुरू होता कामा नये, म्हणजेच पुनर्वसनाची सवड काढून घेऊन त्याला मुख्य वाटेवर आणून बसवा. ज्यांनी कधी कॉलेजचे तोंड पाहिले नाही अशा माणसांनी तज्ज्ञांच्या तक्त्यातील चूक दाखवली आणि ती दुरुस्त कशी करावयाची तेही सांगितले.

त्या लढ्यातून १९७६चा महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला. त्याचे मर्म असे होते की धरणाच्या पाण्याने ज्यांची शेती बागायत होणार, त्यांच्यापैकी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असणाऱ्यांकडून काही हिस्सा घेऊन तो बुडणाऱ्यांना द्यावा. वर बुडणारा आणि खाली भिजणारा हे एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत, असे कायद्याने प्रथमच म्हटले. समग्र विचार, समग्र विचार म्हणून ज्याचा घोष चालतो, तो याहून वेगळा काय असतो? अंमलबजावणीत लाभक्षेत्रातील बड्यांनी पळवाटा काढल्या, हे खरे. पुढे २०१३च्या भूसंपादन कायद्याने तर कामांचा क्रमच लिहून दिला. पाटबंधारे आणि जलविद्युत प्रकल्पांत जमिनी बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पुरे झाले पाहिजे. जमिनीची मालकी नसलेला, पण तीन वर्षे तिच्यावर पोट असलेला मजूर आणि कूळही त्यात बाधित ठरला. हा देशाचा कायदा आहे. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या वर्गात तक्ता काढायला शिकवताना ही सहा महिन्यांची अट फळ्यावर मांडणारे अध्यापक किती निघतील?

तेथे काय शिकवतात याचा एक नमुना देतो. 'स्टेकहोल्डर' नावाचा एक शब्द आहे. प्रकल्पाशी ज्यांचा बरावाईट संबंध येतो ते सगळे. शब्द उदार आहे, बाधितांनाही त्यात जागा आहे. पण पुढच्याच पानावर एक चौकट काढतात. एका बाजूला माणसाची सत्ता, दुसऱ्या बाजूला त्याचे स्वारस्य, आणि मध्ये चार घरे. सत्ता मोठी आणि स्वारस्यही मोठे, त्यांना जवळ धरून सांभाळा. सत्ता मोठी पण स्वारस्य कमी, त्यांना खूष ठेवा. सत्ताही नाही आणि स्वारस्यही नाही, त्यांच्यावर कमीत कमी श्रम खर्च करा. उरले चौथे घर. सत्ता नाही, पण स्वारस्य मोठे. ज्याचे घर, शेत, देऊळ आणि मसणवट पाण्याखाली जाणार आहे त्याच्याइतके स्वारस्य कोणाला असणार? तो या चौथ्या घरात बसतो. त्याच्यापुढे लिहिलेले असते, 'माहिती देत राहा.'

एवढेच. त्याला विचारा असे नाही, त्याची संमती घ्या असे नाही. आणि हे दुष्टपणाने लिहिलेले नाही, हे विशेष. ज्या गणितात माणसाचे वजन त्याच्या उपद्रवमूल्याइतकेच धरले जाते, त्या गणितातून हेच उत्तर निघणार. मात्र या चौकटीतच एक कबुली दडलेली आहे, ती आपण नीट वाचावी. घर बदलायचे असेल तर सत्ता वाढवावी लागते. संघटित झालेला धरणग्रस्त जेव्हा घळभरणी रोखून धरतो, तेव्हा तो एका दिवसात चौथ्या घरातून पहिल्या घरात जातो आणि मंत्रालयातून बैठकीचे निमंत्रण येते.

समग्र व्यवस्थाविचाराचे काय? त्याच्यावर माझा आक्षेप उलट प्रकारचा आहे. तो पुरता शिकवला जात नाही. कोणत्याही व्यवस्थेचा विचार करण्यापूर्वी तिची सीमा आखावी लागते. काय आत, काय बाहेर. बर्कलेचे वेस्ट चर्चमन हे या शास्त्राच्या आद्य आचार्यांपैकी. त्यांनी आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला की सीमा आखणे हा नैतिक निर्णय आहे. त्यांचे स्विस शिष्य वेर्नर उलरिख यांनी १९८३ साली बारा प्रश्नांची एक यादीच दिली. योजना कोणाच्या हितासाठी आहे, कोणाच्या हितासाठी असायला हवी, निर्णय कोणाच्या हाती आहे, तज्ज्ञ म्हणून कोणाला मानले आहे, आणि ज्यांना निर्णयात स्थान नाही पण परिणाम भोगावे लागतात त्यांच्या वतीने कोण बोलणार आहे. त्या शेवटच्या वर्गाला त्यांनी साक्षीदार म्हटले. आपण त्यांना प्रकल्पग्रस्त म्हणतो. चर्चमन-उलरिखांचा हा अर्धा भाग वगळून, उरलेल्या अर्ध्याची वर्तुळे आणि बाण तेवढे विद्यार्थ्यांना काढायला लावतात.

सीमा चुकीची आखली की केवळ विस्थापितांचेच वाटोळे होते असेही नाही. कृष्णा पाणीतंट्याचा बच्छावत निवाडा १९७६चा. त्यातील पाणीवाटप ३१ मे २०००नंतर फेरविचाराला खुले होते. तेवढ्या मुदतीत वाट्याचे पाणी अडवायचे म्हणून महाराष्ट्राने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ काढले, कर्जरोखे विकले, धरणांचा सपाटा लावला. उद्दिष्ट 'पाणी अडवणे' एवढेच आखले गेले. शेतापर्यंत पोहोचणे हे आखणीच्या बाहेर राहिले. भिंती उभ्या राहिल्या आणि कालवे वर्षानुवर्षे मागे पडले. विदर्भात गोसीखुर्दचा १९८३ सालचा अंदाज ३७२ कोटींचा. १९८८ साली भूमिपूजन झाले. पुढे हा आकडा अठरा हजार कोटींवर गेला आणि तीन दशके उलटली तरी कालव्यांची कामे रेंगाळतच राहिली. वर्गात हे उदाहरण आले तर 'खर्चवाढ' या सदरात येईल. त्या तीन दशकांत पाण्याची वाट पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने जे गमावले, त्यासाठी त्या तक्त्यात सदरच नाही.

आता आपल्या पहिल्या प्रकारच्या साथींना उत्तर. हत्यार भांडवलदारांच्या कारखान्यात घडले म्हणून ते त्याज्य, हा युक्तिवाद फार दूर नेता येत नाही. गँटचा एक अनुयायी वॉल्टर पोलाकोव्ह हा समाजवादी होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तो सोव्हिएत रशियात गेला आणि हेच तक्ते त्याने तेथील कारखान्यांत नेले. तेथे तक्ता लागला, पण कामगाराच्या हाती लागला नाही. लक्ष्ये वरून येत आणि खालच्यांनी ती पुरी करावयाची. तेव्हा केवळ मालक बदलल्याने भागत नाही, हाही धडा त्यात आहे. चिलीत १९७१ ते १९७३ या काळात आयेंदे सरकारने स्टॅफर्ड बीअर या ब्रिटिश व्यवस्थातज्ज्ञाच्या मदतीने राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सने जोडण्याचा प्रयोग केला. ऑक्टोबर १९७२मध्ये ट्रकमालकांनी संप करून सरकारची कोंडी केली, तेव्हा याच टेलेक्सच्या जाळ्यावरून सरकारने हाती उरलेल्या सुमारे दोनशे ट्रकांची जुळवाजुळव करून अन्नधान्य हलवले. ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने सरकार उलथले आणि प्रयोगही संपला. त्याचे दोष होते, कामगारांचा सहभाग त्यात अपुराच होता. पण हे शास्त्र कोणाच्या बाजूने राबवता येते याची सीमा निसर्गाने ठरवून दिलेली नाही, हे त्याने दाखवले.

एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा धरण १९८०च्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतः उभारले, नदीची वाळू विकून पैसा जमवला आणि पाणी सर्वांना समान वाटायचे असे आधी ठरवले. विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने पुरंदरमध्ये जमिनीऐवजी माणशी पाणी मोजले आणि भूमिहीनालाही वाटा दिला. म्हणजे लाभार्थी कोण हे योजनेच्या आधी ठरले, नंतर नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र १९८५पासून विद्यार्थ्यांना खेड्यांतील पाण्याच्या आणि ऊर्जेच्या प्रश्नांवर काम करायला लावते. ते अपवाद म्हणून कौतुकास्पद आहे आणि अपवाद आहे म्हणूनच चिंतेचे आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. राज्यातील प्रत्येक अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयात प्रकल्प-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील एका तरी पूर्ण झालेल्या प्रकल्पाच्या पुनर्वसित गावठाणाची पाहणी करावी. तेथील माणसांना परीक्षक म्हणून बसवावे. त्यांनी सही केल्याखेरीज गुण मिळू नयेत. २०१३च्या कायद्यातील मुदती तक्त्यात घालून दाखवणे हा परीक्षेचा प्रश्न असावा. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना अशी निवेदने द्यायला आपल्या विद्यार्थी संघटनांना कोणी अडवलेले नाही. आणि पक्षाच्या अभ्यासशिबिरांतही एक दिवस तक्ता काढायला शिकवण्यासाठी राखावा. धरणग्रस्तांच्या बैठकीत अधीक्षक अभियंता जेव्हा आपला कागद पसरतो, तेव्हा त्यातील कोणती पट्टी कोठे सरकवली आहे हे आपल्या कार्यकर्त्याला बोट ठेवून सांगता आले पाहिजे. तूर्त प्रत्येक जिल्हा शाखेने एवढे करावे: आपल्या जिल्ह्यात यंदा कोणत्या प्रकल्पाची घळभरणी ठरली आहे, तेथील पुनर्वसनाची कोणती कामे अपुरी आहेत, याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार करून तालुकावार प्रसिद्ध करावी.