मुलांनी बनवलेला खेळ बिघडू द्या



आमच्या मौदा तालुक्यात दिवाळीच्या आसपास धानाचा दाणा भरायला लागतो आणि नेमकी त्याच वेळी रानडुकरं बांध्यांमध्ये उतरतात. त्या दिवसांत वर्गातली दोन-चार मुलं सकाळी जांभया देत येतात. विचारलं की सांगतात, "बाबासोबत जागलीले गेलतो मॅडम." रात्रभर मचाणावर बसून डबा वाजवायचा, बॅटरी मारायची आणि सकाळी शाळेत यायचं. अशा मुलाला पहिल्या तासाला गुणाकाराची उदाहरणं द्यायला माझं मन होत नाही.

तेव्हा एका सकाळी मी चौथीच्या वर्गाला सांगितलं, "आज आपण खेळ बनवायचा. खेळणारे दोघं. एकाने पळायचं, दुसऱ्याने पकडायचं. पट, सोंगट्या, नियम, सगळं तुम्हीच ठरवा." विषय कोणता, हे विचारावंच लागलं नाही. एक जागल्या, एक डुक्कर.

त्या खेळाचं पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे माझं मत कशावरून बनलं ते कळेल. मत थोडक्यात असं: आपण मुलांना खेळ देतो, पण तो बनवू देत नाही. आणि चुकून बनवू दिलाच, तर तो बिघडायला लागताच आपणच दुरुस्त करून टाकतो. खरं शिकणं तर त्या बिघाडातच असतं.

पहिला पट

मुलांनी कार्डशीटवर पाच उभ्या आणि पाच आडव्या रेघा मारल्या. रेघा म्हणजे धुरे, मधले चौकोन म्हणजे बांध्या. धुरा जिथे धुऱ्याला मिळतो असे 25 ठिपके झाले. एका कोपऱ्यात जागल्याचा पांढरा खडा, समोरच्या तिरप्या कोपऱ्यात डुकराचा चिंचोका. पाळीपाळीने चालायचं. धुऱ्यावरून एकच घर, उभं किंवा आडवं. थांबायची परवानगी नाही. जागल्या डुकराच्या ठिपक्यावर पोचला की डुक्कर पकडलं. पहिली चाल कोणाची? मुलं म्हणाली, "शेत जागल्याचं हाय, तं पहिली चाल त्याचीच." मलाही ते पटलं.

वर्गात नऊ जोड्या होत्या. अर्धा तास झाला तरी एकाही पटावर डुक्कर सापडलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. जागल्या डुकराच्या अगदी शेजारच्या ठिपक्यावर यायचा आणि डुक्कर निसटायचं. "मॅडम, हा तं सापडूनच नाही राहिला!"

इथे मी चुकले. मी म्हणाले, "घाई करता म्हणून सापडत नाही. नीट विचार करून खेळा."

एका मुलीच्या घरचं धान त्याच आठवड्यात डुकरांनी तुडवलं होतं. ती जागल्या होती. तिने खडा पटावरून उचलून घेतला आणि म्हणाली, "खऱ्यातही सापडत नाही, अन् इथंही नाही." आणि रडायला लागली. बाकीची मुलं गप्प. मीही गप्प.

रात्री घरी मी तोच पट मांडून बसले. तासभराने कळलं की पोरीची काहीच चूक नव्हती. त्या नियमाने डुक्कर पकडता येणं शक्यच नव्हतं, मग जागल्या कितीही हुशार असो. ज्या खेळाचा नियमच फसलेला होता, त्यात मी मुलांना "नीट खेळा" म्हणत होते. हे वाक्य आपण वर्गात किती वेळा म्हणतो आणि किती वेळा चूक मुलाची नसून मांडणीची असते, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

डुकराले पहिले चालू द्या

दुसऱ्या दिवशी उत्तर सांगून टाकावं, असं फार वाटत होतं. सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "काल तुमचं नाही, माझं चुकलं. नियमात काहीतरी गडबड आहे. एकच नियम बदलून पाहा, दोन नको."

कोणी पट लहान केला. कोणी दुसरा जागल्या आणला. तिथे डुक्कर लवकर सापडायला लागलं आणि मग डुक्कर व्हायला कोणी तयार होईना. त्या मुलीने आणि तिच्या जोडीदाराने पट तसाच ठेवून फक्त पहिली चाल डुकराला दिली. थोड्या वेळाने ती ओरडत आली, "मॅडम, डुकराले पहिले चालू द्या, मंग सापडते!"

आता वर्गाला प्रश्न पडला, काहून? तेवढ्यासाठी मी टिकल्या दिल्या. एक ठिपका लाल, त्याच्या शेजारचा हिरवा, अशा सगळ्या 25 ठिपक्यांवर टिकल्या लावल्या. मग मुलांना दिसलं की एक घर चाललं की रंग बदलतोच. जागल्या आणि डुक्कर, दोघांचे कोपरे लाल. जागल्या आधी चालला की तो हिरव्यावर येतो, मग डुक्कर हिरव्यावर येतं. म्हणजे जागल्याची पाळी येते तेव्हा दोघं नेहमी एकाच रंगावर असतात. पण पकडायचं तर पुढच्या घरात, म्हणजे दुसऱ्या रंगावर, डुक्कर असायला हवं. ते तिथे कधीच नसतं! पहिली चाल डुकराची असली की हे गणित उलटतं. मग दोन्ही बाजूंचं अंतर सारखं ठेवत ठेवत जागल्या डुकराला कोपऱ्यात नेतो. डुकराला थांबता येत नाही, म्हणून ते सापडतं.

हे दुसरं काही नाही, सम आणि विषम. आपण ते "दोनने भाग जातो का" एवढ्यात शिकवतो आणि स्वाध्याय सोडवून घेतो. इथे सम-विषमवर डुकराचा जीव अवलंबून होता, म्हणून मुलांना ते कळलं.

नंतर वाचनात आलं की हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकाराच्या 1907 सालच्या 'द कँटरबरी पझल्स' या पुस्तकात जवळजवळ हेच कोडं आहे. तिथेही डुकरंच आहेत! शेतकरी आणि त्याची बायको चौकटीच्या पटावर दोन डुकरांच्या मागे धावतात. प्रत्येकाला ठरावीक एकच डुक्कर सापडू शकतं, दुसऱ्याच्या मागे दिवसभर धावलं तरी हाती लागत नाही. वर्गाला हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यायच्याकडेही डुकरं होते!"

मग खेळ कुठे उरला?

पण कारण कळल्यावर नवीनच अडचण आली. आता पहिली चाल कोणाची हे ठरलं की निकाल ठरलाच. एक मुलगा म्हणाला, "मंग खेळाचंच कायले?" मला वाटतं, त्या महिन्यात वर्गात विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता.

मुलांनी दोन बदल केले. एक म्हणजे, एका बांधीतून तिरपी पायवाट काढली. तिच्यावरून चाललं की टिकलीचा रंग बदलत नाही, म्हणजे गणित पलटवता येतं. पण ती वाट डुकरालाही मोकळी. दुसरं म्हणजे, प्रत्येक ठिपक्यावर धानाचा एक दाणा ठेवला. डुक्कर जिथे पोचेल तिथला दाणा खातं, आणि ठरलेले दाणे खाल्ले की डुक्कर जिंकलं. आता किती दाणे, यावर भांडण. 12 वर डुक्करवाले ओरडले, 6 वर जागल्यावाले. डाव खेळायचे, फळ्यावर रेघा मारून नोंदी ठेवायच्या, आकडा बदलायचा, असं चाललं. शेवटी 9 वर थांबले. पण तो आकडाही सगळ्यांना मान्य नव्हता.

भांडण मिटवलं ते वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलाने. तो म्हणाला, "एक डाव तू डुक्कर, एक डाव मी. ज्याच्या डुकरानं जास्त दाणे खाल्ले तो जिंकला." झालं. दोन बाजू सारख्या आहेत की नाहीत, हा वादच उरला नाही. दोघांनाही दोन्ही बाजूंनी बसावं लागणार होतं. आणि मग मजा म्हणजे, नियम एकाच बाजूच्या फायद्याचे करायचा मुलांचा हट्टही गेला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून न्याय ही कल्पना मी अनेकदा शिकवली आहे. इतकी स्वच्छ कधी शिकवली नव्हती.

आपल्या जुन्या खेळांनीही हेच केलं

एकाने पाठलाग करायचा आणि दुसऱ्याने कोंडायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. वाघबकरी आपल्या आजी-आजोबांनी ओट्यावर कोळशाने रेघा मारून खेळलेली आहे. जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडी फरशीवर अशा खेळांचे पट कोरलेले सापडतात. नेपाळमध्ये हाच प्रकार 'बाघचाल' म्हणून खेळतात. 25 ठिपके, 4 वाघ, 20 बकऱ्या. वाघाने उडी मारून 5 बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले, चारही वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या. दक्षिणेत त्रिकोणी पटावर 3 वाघ आणि 15 बकऱ्या असतात.

4 विरुद्ध 20, हे समान वाटत नाही. पण बाघचाल संगणकावर पूर्ण तपासला गेला आहे, आणि दोघांनी अचूक खेळलं तर तो बरोबरीत सुटतो, हे सिद्ध झालं आहे. संगणक नसताना तो आकडा कसा सापडला असेल? मला वाटतं, आमच्या वर्गासारखाच. खेळून, भांडून, बदलून. युरोपातल्या कोल्हा आणि बदकांच्या खेळात आधी 13 बदकं असत, पुढे 17 बदकांनी खेळायची पद्धतही आली. म्हणजे खेळणारेच खेळ दुरुस्त करत आले आहेत. आपण मात्र मुलांच्या हाती दुकानातला छापील पट देतो. त्याच्या झाकणाच्या आत नियम असतात आणि ते बदलायचे नसतात.

"हे सगळं ठीक, पण अभ्यासक्रम?"

हा प्रश्न मला सहकाऱ्यांनीही विचारला आणि पालकांनीही. एक आई फाटकाशी थांबून म्हणाल्या, "मॅडम, पोरगी घरी येऊन बी खडेच मांडून बसते. वही कवा काढते मंग?" त्यांची काळजी खोटी नाही. शेतात राबून मुलीला शिकवणाऱ्या बाईला शाळेत खडे खेळताना दिसले तर धास्ती वाटणारच. मी त्यांना वही दाखवली. तिच्यात तिने खेळाचे नियम लिहिले होते.

लेखनाचा इतका चांगला पाठ माझ्याकडून दुसरा झालेला नाही. 'माझा आवडता खेळ' हा निबंध मुलं पाठ करून लिहितात. इथे अट अशी होती की तिसरीच्या मुलांनी फक्त वाचून खेळ खेळायचा, कोणी तोंडी सांगायचं नाही. तिसरीवाल्यांनी पाच मिनिटांत विचारलं, "डुक्कर जागल्याच्या घरात जाऊ शकते का?" ते लिहिलंच नव्हतं! चौथीवाल्यांनी नियम तीनदा लिहिले. मी लाल पेनने एकही शब्द खोडला नव्हता.

पायाभूत स्तरासाठी 2022 मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. 2023 मध्ये 'जादुई पिटारा'ही आला. पण ते सगळं 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी. दुसरी संपली की आपण खेळ कपाटात ठेवतो. माझं म्हणणं आहे की तिसरी ते पाचवीत खेळ बंद करू नका, एक पायरी वर न्या. आधी खेळले, आता बनवू द्या.

सगळ्यांनाच हे आवडतं असं मात्र नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुलांना शेवटपर्यंत यात रस आला नाही. त्यांनी पट रंगवले, ते सुंदर रंगवले. आणि रोज हे करता येत नाही हेही खरं. आम्हाला आठ-नऊ तास लागले, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

करून पाहायचं असेल तर माझ्या चुकांवरून एवढंच सांगेन:

1. विषय मुलांच्या गावातला घ्या. कुठे डुक्कर असेल, कुठे वाघ, कुठे मासा आणि जाळं.
2. एका वेळी एकच नियम बदलू द्या. नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.
3. प्रत्येक डावाची नोंद ठेवायला लावा. "मला वाटतं" आणि "फळ्यावर दिसतं" यातला फरक तिथेच कळतो.
4. नियम लिहून दुसऱ्या वर्गाला खेळायला द्या.
5. आणि खेळ अडला की तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे.

पालकांनाही एक विनंती. मूल खेळताना मध्येच नियम बदलायला लागलं की आपण लगेच म्हणतो, "चीटिंग करू नको." त्याऐवजी एकदा विचारा, "हा नियम दोघांनाही चालेल का?" मग बघा काय होतं.

त्या मुलीच्या घरचं धान तुडवलं गेलं ते काही परत आलं नाही. कार्डशीटवरच्या खेळाने शेत राखलं जात नाही, आणि तसं मी कोणाला सांगणारही नाही. पण "इथंही सापडत नाही" म्हणून रडलेली मुलगी आता पट अडला की रडत नाही. ती विचारते, "कोणता नियम बदलायचा?"

तुमच्या शाळेत असा खेळ बनला, तर नियम नक्की कळवा. आमची चौथी खेळून बघेल आणि त्यातली चूकही शोधून देईल.