आजी-आजोबांना आधी रस्ता दाखवा



उन्हाळा आला, म्हणजे आपल्यापैकी अनेकांकडे भारतातून आई-बाबा येणार. बॅगांमधून गोडा मसाला, भाजणी आणि नातवंडांचे कपडे येणार. आपलीही तयारी जोरात असते. व्हिजिटर इन्शुरन्स काढतो, बीपीच्या गोळ्या मोजून आणायला सांगतो. पण एक गोष्ट हमखास राहून जाते. रस्ता.

मागच्या वर्षी इथे न्यू जर्सीत, आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर माझे बाबा दोन वर्षांच्या नातीला स्ट्रोलरमध्ये घेऊन उभे होते. मी चार पावलं मागे, हातात सामानाच्या पिशव्या. बाबांनी उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, स्ट्रोलर पुढे ढकलला. गाडी डावीकडून आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, म्हणून आज हे लिहितेय.

बाबांचं चुकलं का? मला नाही वाटत. जन्मभर पुण्यात आधी उजवीकडे बघणाऱ्या माणसाची मान आठवड्यात डावीकडे कशी वळणार? चूक माझी. मी त्यांना मायक्रोवेव्ह शिकवला, थर्मोस्टॅट शिकवला, रस्ता नाही शिकवला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिले काही दिवस त्यांना लेकरू घेऊन एकटं बाहेर पाठवू नका. रोजचा बागेचा रस्ता त्यांच्याबरोबर चाला. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत का?" असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या. आणि प्रेमाने एवढं दाखवा:

१. इथे जवळच्या लेनमधली गाडी डावीकडून येते. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे.

२. लाल दिवा म्हणजे सगळे थांबले असं नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्यावरही थांबून उजवीकडे वळता येतं. तसा वळणारा ड्रायव्हर डावीकडच्या गाड्या बघत असतो, त्याच्या उजवीकडे उभे असलेले आपण त्याच्या लक्षातही नसतो. चालणाऱ्या माणसाचं पांढरं चिन्ह लागलं तरी त्याने आपल्याकडे पाहिलंय याची खात्री करूनच पाऊल टाका.

३. नारिंगी हात लुकलुकायला लागला की नव्याने निघायचं नाही. धावत गाठायला ती काही लोकल नाही.

४. आपल्याकडे मूल कडेवर असतं, म्हणजे मोठं माणूस आणि मूल बरोबरच रस्त्यात उतरतात. स्ट्रोलरमध्ये मूल आपल्या पुढे असतं. आपण फुटपाथवर असतो आणि ते रस्त्यात गेलेलं असतं! थांबताना स्ट्रोलर कडेपासून मागे ठेवा, ब्रेक लावा.

५. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. मूल रस्त्यापासून लांबच्या बाजूला.

आता चालणाऱ्या पोरांबद्दल. दोन वर्षांचं मूल जेमतेम ८५ सेंटीमीटर उंच. मोठ्या पिकअपचं बॉनेट त्याच्या डोक्याच्याही वर असतं, ड्रायव्हरला ते दिसणारच नाही. गाडी किती लांब आहे, किती वेगात आहे, हे त्या वयात कळत नाही. त्यामुळे "आमची चिऊ फार समजूतदार आहे" हे वाक्य घरात ठीक, पार्किंग लॉटमध्ये नाही. तिथे हात धरायचाच, आणि रडली तर कडेवर घ्यायचं. पळणारं मूल असेल तर पट्टा असलेली सॅक घ्या. "पोराला कुत्र्यासारखं बांधलंय" म्हणणारे म्हणोत. लाज वाटण्यापेक्षा मूल जवळ असणं महत्त्वाचं.

आणि सगळ्यांनी एकच शब्द ठरवा. आमच्याकडे तो "थांब" आहे. आई "स्टॉप", आजी "अगं अगं", बाबा "नो नो" म्हणाले तर पोरीने कुणाचं ऐकायचं? घरात खेळताना रोज "थांब" म्हटलं की पुतळा व्हायचं, असा खेळ खेळा. पण त्या शब्दाच्या भरवशावर हात मात्र सोडू नका.

शेवटचं, आपल्यासाठी. चालता चालता भारतात व्हिडिओ कॉल लावून "आजीला हाय कर" म्हणणारे आपणच असतो. रस्ता ओलांडून झाल्यावर लावा. आजी दोन मिनिटं थांबेल.

यंदा बाबा परत येताहेत. परवा फोनवर स्वतःच म्हणाले, "आल्यावर आधी त्या कोपऱ्यावर जाऊ. मला परत एकदा दाखव."